ठळक अक्षराची घडण : स्लॅब सेरिफ टाइप आणि लिखित भाषेतील आघात

बोलताना एखादा शब्द श्रोत्याच्या कानावर वेगळा पडावा अशी इच्छा असेल, तर वक्त्याजवळ साधने पुष्कळ असतात. तो स्वर चढवितो, शब्दापूर्वी क्षणभर थांबतो, एखादे अक्षर लांबवितो. लिहिणाऱ्याजवळ यांतील एकही साधन नसते. हस्तलिखितात निदान शब्दाखाली रेघ ओढता येते, किंवा आपल्या पोथ्यांतून आढळते त्याप्रमाणे अध्यायाची समाप्ती तांबड्या शाईने लिहिता येते. मुद्रकाची अडचण याहून मोठी आहे. जुळाऱ्यापुढील खणांत जे खिळे असतील, तेवढ्यांतच त्याला बोलावे लागते.

ठळक टाइप ही या अडचणीवरील तोड होय. आणि ती आज इतकी अंगवळणी पडली आहे की मुद्रणकलेबरोबरच ती जन्मास आली असावी असे सहज वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे. गुटेनबर्गचे बायबल १४५५ च्या सुमारास छापून झाले. चालू मजकुराच्या ओळीत नेहमीच्या रोमन अक्षराशेजारी बसावा, अशा हेतूने बेतलेला ठळक टाइप लंडनच्या बाजारात आला तो १८४५ साली. मधल्या सुमारे ३९० वर्षांत शब्द उठून दिसावा म्हणून युरोपातील मुद्रकांनी तिरपी अक्षरे, कॅपिटल अक्षरे, गॉथिक वळणाची काळीभोर अक्षरे असे नाना उपाय केले. अक्षर नुसते जाड करावे, हा उपाय दिसावयास सर्वांत सोपा. परंतु तत्कालीन रोमन टाइपाच्या घडणीत तो बसत नव्हता. ज्या घडणीत तो बसला, तिला आज स्लॅब सेरिफ असे म्हणतात.

अक्षराचे रूप हा चित्रकाराचा विषय आहे, भाषाभ्यासकाचा नव्हे, असा आक्षेप येथे येण्याचा संभव आहे. परंतु ठळकपणा हा लिखित भाषेतील आघात आहे असे एकदा मानले, आणि ते मानावयास हवे असे माझे मत आहे, म्हणजे हा आक्षेप टिकत नाही. उच्चारातील आघाताचा विचार करताना आपण श्वासाचा व स्वरतंतूंचा विचार करतोच. त्याच न्यायाने येथे शिशाच्या खिळ्याचा विचार करणे प्राप्त आहे.

रोमन अक्षराची रेघ जेथे संपते, तेथे तिला एक लहानसे आडवे टोक जोडलेले असते. त्यास सेरिफ म्हणतात. इंग्रजी पुस्तकातील कॅपिटल 'आय' पाहावा : मध्ये एक दांडा, आणि वर व खाली एकेक आडवी पट्टी. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पार्मा येथील बोदोनी आणि पॅरिस येथील दिदो घराणे यांनी ही पट्टी केसासारखी बारीक केली व उभे दांडे त्या मानाने भरदार ठेवले. जाड व बारीक यांतील हा विरोध गुळगुळीत कागदावर, काळजीपूर्वक केलेल्या छपाईत अत्यंत शोभिवंत दिसतो. स्लॅब सेरिफ टाइपात या विरोधाला जवळजवळ रजा दिलेली असते. तेथील सेरिफ उभ्या दांड्याच्या तोडीचे जाड व चौकोनी असते. गोल अक्षरांच्या माथ्याशी व तळाशी एरवी बारीक होत जाणाऱ्या रेषाही भरून घेतलेल्या असतात. स्लॅब हा शब्द मराठी वाचकाला घरबांधणीतून परिचित आहे. 'काल स्लॅब पडला' असे आपण म्हणतो, तेव्हा जो सपाट, सारख्या जाडीचा, भार पेलणारा थर डोळ्यांपुढे येतो, तोच येथे अक्षराच्या डोक्याशी व पायाशी आहे असे समजावे.

या घडणीचा उगम ग्रंथात नाही, भिंतीवर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये लॉटरी, नाटके, लिलाव यांच्या जाहिरातपत्रकांना ऊत आला होता. पुस्तकाचा टाइप हातभर अंतरावरून वाचावयाचा असतो; भिंतीवरचा मजकूर रस्त्याने जाणाऱ्याच्या नजरेत भरावा लागतो. यासाठी प्रथम जो उपाय झाला तो असा, की बोदोनी-दिदो वळणाच्याच अक्षराचे उभे दांडे फुगवावयाचे. या 'फॅट फेस' टाइपाचे श्रेय सामान्यतः रॉबर्ट थॉर्न या लंडनच्या टाइप ओतणाऱ्या व्यावसायिकास दिले जाते. त्यात दांडे इतके जाड झाले की अक्षराच्या पोटातील पांढरी जागा चिरेएवढी उरली, आणि सेरिफ मात्र होते तेवढेच बारीक राहिले. मोठ्या आकारात या अक्षराला एक प्रकारचा मिस्कील डौल आहे. आकार लहान केला की डौल जातो आणि काळ्या खांबांची रांग तेवढी उरते. लहान 'एन' आणि लहान 'यू' यांतील भेद पाहावा. दोहोंत दोन दांडे आहेत; त्यांना जोडणारी कमान वर आहे की खाली आहे, एवढाच काय तो फरक. ती जोडणारी रेषाच जर दिसेनाशी झाली, तर दांडे कितीही जाड असले तरी अक्षर ओळखू येणार नाही. जाडी एकाच अवयवाला दिली तर तिला ठळकपणा म्हणता येत नाही. ती सूज होय.

स्लॅब सेरिफने केले ते एवढेच, की जाडी सर्व अवयवांत वाटून दिली.

हा टाइप छापील स्वरूपात प्रथम आढळतो तो व्हिन्सेंट फिगिन्स याच्या नमुनापुस्तकात. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर १८१५ हे साल आहे. तथापि ज्या प्रतींत हा टाइप दिसतो, त्या १८१७ च्या सुमाराच्या असाव्यात असे अभ्यासक मानतात. त्यात फक्त कॅपिटल अक्षरे होती. फिगिन्सने त्यास 'अँटीक' म्हणजे प्राचीन असे नाव दिले, आणि येथून नावांचा जो गोंधळ सुरू होतो तो भाषेच्या अभ्यासकाने थोडा थांबून पाहावा असा आहे.

१८१६ मध्ये चौथ्या विल्यम कॅसलनने एक टाइप दाखविला व त्यास 'इजिप्शियन' म्हटले. त्या टाइपाला सेरिफ मुळीच नव्हते. पुढे १८२१ मध्ये थॉर्नच्या ओतशाळेचा नवा मालक विल्यम थोरोगुड याने जे नमुनापुस्तक काढले, त्यात थॉर्नचा स्लॅब सेरिफ टाइप आला, आणि त्याचेही नाव 'इजिप्शियन'च होते. (थॉर्न १८२० मध्ये वारला. थोरोगुडने ती ओतशाळा लॉटरीत लागलेल्या पैशांतून घेतली असे सांगतात. ज्या धंद्याने हे टाइप पोसले, त्याच धंद्यातून त्यांना धनी मिळावा यात औचित्य आहे! ब्रिटनमधील सरकारी लॉटरी पुढे १८२६ मध्ये बंद झाली.) पहिल्या वस्तूवरून नाव उडाले व दुसऱ्या वस्तूवर बसले. इंग्लंडात इजिप्शियन म्हणजे स्लॅब सेरिफ असे रूढ झाले. अमेरिकेतील ओतशाळांत स्लॅब सेरिफला 'अँटीक' म्हणत, तर फ्रान्समध्ये 'अँटीक' म्हणजे सेरिफ नसलेला टाइप. जर्मनीत 'अँटिक्वा' हा शब्द रोमन वळणाच्या एकूण सर्व टाइपांना लागतो. तीन देशांत एका शब्दाचे तीन अर्थ.

इजिप्तचे नाव या टाइपाला का मिळाले, याचा शोध अक्षराच्या आकारात घेण्यात अर्थ नाही. नेपोलियनची इजिप्तवरील स्वारी १७९८ ची. रोझेटा शिला लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आली १८०२ मध्ये. शांपोल्याँने चित्रलिपीच्या वाचनाची किल्ली जाहीर केली ती १८२२ मध्ये. म्हणजे टाइपाचे नामकरण झाले तेव्हा इजिप्तची लिपी सर्वांनी पाहिलेली, पण कोणी न वाचलेली होती. दगडी, बोजड, प्राचीन आणि विलक्षण, एवढ्या अर्थाने तो शब्द बाजारात खपत होता. हे नाव वस्तूचे वर्णन करीत नाही. ते त्या काळच्या हवेचे वर्णन करते.

आतापर्यंतचा टाइप भिंतीवरचाच होता. तो पुस्तकाच्या ओळीत आला कसा, हा या इतिहासातील महत्त्वाचा भाग होय. थोरोगुडच्या त्याच फॅन स्ट्रीटवरील ओतशाळेची सूत्रे पुढे रॉबर्ट बेझ्ली याच्या हाती आली. त्याच्यासाठी बेंजामिन फॉक्स या कारागिराने जे पंच कोरले, त्यांतून १८४५ मध्ये 'क्लॅरेंडन' हा टाइप निघाला. नावावरून ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन प्रेसची आठवण व्हावी हे स्वाभाविक आहे.

क्लॅरेंडनमध्ये फिगिन्सच्या अँटीकचा ठोकळेबाजपणा नाही. सेरिफ जाड आहे, पण ते दांड्याला काटकोनात न भिडता थोड्या वळणाने मिसळते. जाड-बारीक रेषांतील भेद पुसलेला नाही. बारीक रेषा पुरेशी भरली आहे इतकेच. 'ए', 'सी', 'आर' यांसारख्या लहान अक्षरांची मोकळी टोके थेंबासारखी गोल आहेत. अक्षरांची रुंदी आवळून घेतलेली आहे. आणि हीच त्यातील मर्माची गोष्ट होय. जाड केलेले अक्षर स्वभावतःच जागा अधिक खाते. कोशाच्या अरुंद स्तंभात तेवढी जागा देणे परवडत नाही. क्लॅरेंडन आवळलेला असल्यामुळे साध्या रोमन शब्दाच्या जागी क्लॅरेंडनमधील तोच शब्द बसविला तरी ओळ फारशी ढळत नाही. भित्तिपत्रकाच्या टाइपाला हा हिशेब करण्याचे कारणच नव्हते.

बेझ्लीने १८४२ च्या आकृतिबंधविषयक कायद्याखाली या टाइपाची नोंद केली. संरक्षण मिळाले ते तीन वर्षांचे. मुदत संपताच इतर ओतशाळांनी आपापले क्लॅरेंडन बाजारात आणले. बेझ्लीचे यात फार बिघडले असे दिसत नाही. १८६९ मध्ये तो लंडनचा लॉर्ड मेयर झाला. टाइपाच्या नावाचे मात्र मुद्रणाच्या परिभाषेत सामान्यनाम झाले. छापखान्यांतून 'हा शब्द क्लॅरेंडनमध्ये घ्या' याचा अर्थ 'हा शब्द ठळक घ्या' एवढाच उरला. विशेषनामाचे असे सामान्यनाम तेव्हाच होते, जेव्हा भाषेला एक नवी वस्तू दाखवावयाची असते आणि तिच्यासाठी शब्द नसतो. ठळकपणा ही कल्पना मुद्रणाच्या व्यवहारात तेव्हा किती नवी होती, याचे याहून चांगले गमक मला दिसत नाही. एकोणिसाव्या शतकातील या वापराचा सविस्तर अभ्यास मायकेल ट्वायमन यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यावरून दिसते की शालेय पुस्तके, वेळापत्रके, सूची अशा 'पाहून उचलण्याच्या' मजकुरात ठळक टाइप झपाट्याने शिरला. सलग वाचावयाच्या ग्रंथांना त्याची गरज भासली नाही.

कोशाचे उदाहरण थोडे खोलात जाऊन पाहण्यासारखे आहे. जॉन्सनच्या १७५५ च्या इंग्रजी कोशात नोंदीचे शब्द कॅपिटल अक्षरांत आहेत. शब्द सापडतो, पण त्याची एक किंमत द्यावी लागते. इंग्रजीत विशेषनामाचे व त्यापासून साधलेल्या विशेषणाचे आद्याक्षर कॅपिटल असते, आणि हा भेद अर्थाचा आहे. चकाकी या अर्थाचा 'पॉलिश' आणि पोलंडसंबंधी या अर्थाचा 'पोलिश' या दोन शब्दांचे वर्णलेखन अगदी एक आहे. पहिले अक्षर लहान की मोठे, एवढ्यावरच लेखनात ते वेगळे होतात. संपूर्ण शब्द कॅपिटलमध्ये छापला की हा भेद नाहीसा होतो. शब्द उठून दिसावा म्हणून आपण त्याचे लेखनच बदलतो, आणि लेखन सांगणे हे तर कोशाचे काम! ठळक टाइपाने ही कोंडी फुटते. लहान अक्षर लहानच राहते, मोठे मोठेच राहते. केवळ शाईचे वजन वाढते. आघात वर्णांना स्पर्श न करता त्यांच्यावर बसतो, उच्चारात बसतो तसाच.

मरे यांच्या संपादकत्वाखाली ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला, तेव्हा मुख्य शब्दांसाठी क्लॅरेंडन वळणाचाच जाड टाइप घेतला होता. परंतु जुनी सवय एकदम सुटत नाही. त्या कोशात प्रत्येक मुख्य शब्दाचे आद्याक्षर, गरज असो वा नसो, कॅपिटलच राहिले. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ही प्रथा सोडली गेली. टाइपाने जी सोय करून दिली होती, ती पुरती घ्यावयास संपादकांना १०५ वर्षे लागली.

स्लॅब सेरिफचे इतर उपयोग संक्षेपाने सांगता येतील. १८२७ मध्ये न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्सने मोठी लाकडी अक्षरे यंत्राने कोरण्याची युक्ती काढली. शिशाचे मोठे खिळे जड व महाग असत. लाकडाचे हलके व स्वस्त. लाकडात बारीक रेषा तुटते, जाड पट्टी टिकते. म्हणून सर्कशींच्या व फरारी गुन्हेगारांना पकडून देण्याच्या भित्तिपत्रकांतून हेच वळण पसरले, आणि चित्रपटांमुळे घोडेस्वार व पिस्तुले यांच्याशी ते कायमचे जोडले गेले. त्यातील एका प्रकारात तर सेरिफ दांड्यापेक्षाही जाड आहे; तो टाइप वाचण्यापेक्षा पाहण्याचाच म्हणावा लागेल. वेगाने फिरणाऱ्या यंत्रावर, हलक्या कागदावर छापल्या जाणाऱ्या वृत्तपत्रांसाठी लायनोटाइप कंपनीने १९२५ मध्ये जो 'आयॉनिक' काढला, तो ठळक नव्हे. परंतु भरलेल्या बारीक रेषांचे तत्त्व त्यात क्लॅरेंडनकडूनच आले आहे. टंकयंत्राची गोष्ट वेगळी. तेथे प्रत्येक अक्षराला सारखीच जागा मिळते, 'एम' असो की 'आय'. अंगाने किडकिडीत 'आय' एवढ्या जागेत पोरका दिसू नये म्हणून त्याला लांब पट्ट्यांचे सेरिफ द्यावे लागते. १९५० नंतरच्या दशकात आयबीएमसाठी हॉवर्ड केटलर यांनी आखलेल्या 'कुरियर'मध्ये हे स्पष्ट दिसते. तो बारीक अंगाचा आहे, पण कुळीने स्लॅबच.

१९२९ ते १९३४ या काळात जर्मनी, अमेरिका व इंग्लंड येथे या वळणाची दुसरी लाट आली. या वेळी अक्षरे कंपास व पट्टीने आखल्यासारखी होती : 'ओ' जवळजवळ पूर्ण वर्तुळ, सर्व रेषा एका जाडीच्या. रुडॉल्फ वोल्फचा 'मेम्फिस' (१९२९), हाइनरिश योस्टचा 'बेटोन' (१९३१), मॉरिस फुलर बेंटनचा 'स्टायमी' (१९३१), इंग्लंडच्या मोनोटाइपचा 'रॉकवेल' (१९३४) ही त्यांतील प्रमुख नावे. मेम्फिस हे इजिप्तमधील प्राचीन नगर, म्हणजे शंभर वर्षांनंतरही तोच शब्द खपत होता. 'बेटोन' या जर्मन शब्दाचा अर्थ मात्र काँक्रीट! स्लॅब आणि काँक्रीट यांची गाठ अशी पडली. गेओर्ग ट्रुंप यांच्या 'सिटी' (१९३०) या चौकोनी वळणाच्या टाइपावरून पॉल रँड यांनी १९५६ मध्ये आयबीएमची तीन अक्षरे रचली. १९७२ मध्ये त्यांना आडव्या पट्टे पाडण्यात आले, तरी ओळख पुसली नाही. अक्षराचा सांगाडा पुरेसा जाड असला म्हणजे त्यातून एवढे कापून काढलेले चालते.

पुस्तकाच्या ओळीतील क्लॅरेंडनचे काम मात्र विसाव्या शतकात हळूहळू दुसऱ्याकडे गेले. एकाच टाइपाचे साधे, तिरपे व ठळक असे कुटुंब एकत्र आखण्याची रीत पडली. १९३२ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'साठी सिद्ध झालेल्या टाइम्स न्यू रोमनला त्याचा स्वतःचा ठळक जोडीदार होता. परक्या घराण्यातील जाड अक्षर शेजारी बसविण्याची गरज उरली नाही. माझ्या मते यात थोडे गमावलेही आहे. क्लॅरेंडनचा शब्द साध्या रोमन मजकुरात केवळ जाडीने नव्हे, घडणीनेही वेगळा पडे. म्हणून तो किंचित जाड असला तरी पुरे. केवळ वजनावर भिस्त ठेवली की वजन वाढवीत न्यावे लागते. आणि आघात हा सापेक्ष असतो. वाक्यातील प्रत्येक शब्दावर जोर देऊन बोलणारा माणूस कोणत्याच शब्दावर जोर देत नाही. हल्ली परीक्षोपयोगी पुस्तकांत दर तिसरा शब्द ठळक छापलेला आढळतो. तेथे वाचकाचा डोळा काही दिवसांनी ठळक मजकूरच साधा मानू लागतो, आणि साधा मजकूर गाळू लागतो.

मराठी मुद्रणाच्या दृष्टीने या प्रश्नाचे महत्त्व अधिक आहे, कारण देवनागरीत कॅपिटल अक्षरे नाहीत, आणि तिरप्या अक्षरांची परंपराही तिच्या स्वतःच्या घडणीतून आलेली नाही. रोमनमध्ये तीन साधनांत वाटलेले काम येथे प्रायः एकट्या ठळक टाइपावर पडते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) ही अडचण जाणवत नाही : शब्द देवनागरीत, अर्थ रोमनमध्ये, लिपीच वेगळी असल्यामुळे शब्द आपोआप उठून दिसतो. मराठीतून मराठी अर्थ देणाऱ्या कोशाला ही सोय नाही.

मग स्लॅब सेरिफचा धडा देवनागरीला लागू पडतो काय? शिरोरेषा म्हणजे देवनागरीचे स्लॅब सेरिफच, असे कोणी म्हणेल. परंतु हे साम्य वरवरचे आहे. सेरिफ एका रेघेचा शेवट करते. शिरोरेषा अक्षराला अक्षर जोडून शब्द बांधते. एकीचे कार्य अक्षरापुरते, दुसरीचे पदापुरते. मात्र एकाच पानावर दोन्ही लिप्या याव्या लागतात तेव्हा भरीव शिरोरेषेशेजारी केसासारख्या सेरिफचे रोमन अक्षर उपरे दिसते, स्लॅब सेरिफचे तितके दिसत नाही. इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'कर्म' या टाइपात देवनागरीची जोडी स्लॅब वळणाच्या रोमनशी घातली आहे, ती या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

जाडी सर्व अवयवांत सारखी वाटावी, हे तत्त्व मात्र येथे जसेच्या तसे चालत नाही. 'ब' आणि 'व', 'ष' आणि 'प' यांत भेद आहे तो पोटातून जाणाऱ्या एका तिरप्या रेषेचा. बाहेरच्या वळणाइतकीच जाडी त्या रेषेलाही दिली, तर पोटातील पांढरी जागा भरून जाते. आणि रेषा दिसण्यासाठी जी पांढरी जागा हवी तीच गेल्यामुळे रेषाही जाते. फॅट फेसमध्ये बारीक रेषा उपाशी राहून नाहीशी झाली. येथे ती अतिभोजनाने नाहीशी होते. म्हणून ठळक देवनागरीची आखणी करताना आतली रेषा बाहेरच्या रेषेपेक्षा बारीक घ्यावी लागते, आणि पोटही थोडे रुंद करावे लागते. चालू मजकुरात 'बारा' की 'वारा' हे वाचक संदर्भावरून जाणतो. कोशातील किंवा बोलींच्या शब्दसूचीतील नोंदीला संदर्भ नसतो. तो पुढे यावयाचा असतो. तेथे 'बळ' आणि 'वळ' यांतील भेद त्या एका रेषेच्या दोन्ही बाजूंना किती पांढरे शिल्लक आहे, एवढ्यावरच अवलंबून असतो.